वडिलांच्या नावावरचा कारखाना: मृत्युपत्र आधी की कंपनी आधी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील 68 वर्षांचे. कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर आणि मसाल्यांचा कारखाना, वडिलांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप. तुम्ही 12 वर्षं तिथे राबताय. भाऊ अमेरिकेत, बहीण लग्न होऊन पुण्यात. आई आणि आजी दोघी हयात. सांगलीत राहतं घर, गावाकडे चार एकर शेती. बँकेची 60 लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज), तिला तुम्ही जामीनदार. तुम्ही विचारलंय, "वडिलांकडून मृत्युपत्र करून घ्यावं की सरळ प्रायव्हेट लिमिटेड करून टाकावी? बहिणीचं हक्कसोडपत्र आत्ताच घेऊन ठेवलं तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत वडील हयात असताना बहिणीचा हक्कच नाही, नुसती आशा आहे. आणि आशा सोडून देता येत नाही, विकताही येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. असं आगाऊ हक्कसोडपत्र लिहून घेतलेली घरं मी बरीच पाहिली. कागदाचा उपयोग शून्य, आणि बहीण मात्र कायमची दुरावली.

बाकीच्या प्रश्नात मला एक क्रियापद खटकलं. "करून घ्यावं." मृत्युपत्र करायचं असतं, करून घ्यायचं नसतं. हा शब्दच्छल नाही. ज्याला सगळ्यात जास्त मिळणार आहे त्यानेच वकील गाठला, मसुदा लिहवला, साक्षीदार गोळा केले, गाडी काढून वडिलांना नोंदणीला नेलं, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि तो संशय दूर करायची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात 1958 सालीच हे सांगून ठेवलंय, आणि आजही मृत्युपत्राच्या प्रत्येक दाव्यात तोच निकाल समोर येतो. त्यामुळे या कामात तुम्ही जितके मागे राहाल तितका तो कागद पक्का.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मृत्युपत्र सांगतं की वस्तू कोणाची. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचं शटर कोण उघडणार आणि चेकवर सही कोण करणार, हे ते सांगत नाही. प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याच्या नजरेत धंदा आणि माणूस एकच. माणूस गेला की त्याचा पॅन, त्याचं चालू खातं, त्याचा जीएसटी नंबर, सगळं त्याच्याबरोबर थांबतं.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका तेल गिरणीवाल्याचं प्रकरण आलं होतं. मृत्युपत्र होतं, नोंदणी केलेलं, एकदम नीट. गिरणी थोरल्याला, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. वडील गुरुवारी गेले. त्यांची सवय अशी की कुठे परगावी जायचं असलं की कोऱ्या चेकवर सह्या करून कपाटात ठेवायचे. थोरल्याला त्यातले सात सापडले. शनिवारचा मजुरांचा पगार, शेंगदाणा व्यापाऱ्याचं देणं, विजेचं बिल. त्याने ते भरले आणि खात्यावर टाकले. चोरीचा हेतू अजिबात नव्हता. पण धाकट्याने बँकेला मृत्यूची कल्पना दिली, खातं गोठलं, दोन चेक परत आले आणि "मेलेल्या माणसाच्या सहीने पैसे काढले" अशी तक्रार झाली. घरातलं भांडण तिथून सुरू झालं. मृत्युपत्रावर कोणी बोटही ठेवलं नव्हतं. पुढे सगळं मिटलं, पण त्यात दोन हंगाम गेले. मोठ्या खरेदीदारांनी नवा जीएसटी नंबर, नवं खातं, नवी नोंदणी होईपर्यंत माल घेतला नाही.

"माझ्याकडे वडिलांचं मुखत्यारपत्र आहे, मी सही करतो," असं तुम्ही प्रश्नात ओघात लिहिलंय. ते मुखत्यारपत्र वडिलांच्या शेवटच्या श्वासाबरोबर संपतं.

तुमच्या धंद्यात नेमकं काय काय अडेल ते बघा. जीएसटीत वारसाला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते आणि जुन्या नंबरवर शिल्लक असलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-02 हा फॉर्म भरून नव्या नंबरवर आणावं लागतं. 2019 च्या मार्चमधल्या परिपत्रकाने हा रस्ता स्पष्ट केलाय. पण त्याच कायद्याचं कलम 93 असंही म्हणतं की मृत व्यक्तीचा धंदा पुढे चालवणाऱ्यावर जुन्या कराची जबाबदारी येते. धंदा बंद केला तर ती जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. म्हणजे पहिल्याच दिवशी नकळत "मी चालवतो" म्हणणं हा मोठा निर्णय आहे. अन्न परवाना वारसासाठी साधारण तीन महिने जिवंत राहतो, तेवढ्यात नवा काढायचा. उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी नवी. सीसीचं म्हणाल तर बाकीचे वारस मिळालेल्या इस्टेटीपुरतेच बांधील असतात. तुम्ही जामीनदार असल्यामुळे तुमचं स्वतःचं घरदारही त्यात आहे. भाऊ-बहिणीला हे एकदा नक्की सांगा. बहुतेक घरांत त्यांना ते माहीतच नसतं.

ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून "आमचा ब्रँड आता सुरक्षित आहे" असं सांगणारे दोन-तीन जण मला भेटलेत. मानांकन सांगलीच्या हळदीचं आहे, तुमच्या पाकिटावरच्या नावाचं नाही. नावासाठी वर्ग 30 मध्ये (मसाले त्यात येतात) वेगळा अर्ज लागतो, एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन 4,500 रुपये शुल्क. नोंदणी आधीच वडिलांच्या नावावर असेल तर नव्या संस्थेकडे ती गुडविलसह, म्हणजे बाजारातल्या लौकिकासह, लेखी हस्तांतरित करावी लागेल. माझ्या अंदाजाने तुमच्या कारखान्यात यंत्रांपेक्षा त्या नावाचीच किंमत जास्त असेल.

मृत्युपत्र नसेल तर काय होईल, तेही सांगतो, कारण अनेकांना वाटतं की "मी चालवतोय म्हणजे माझंच." हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वडिलांचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे आई, तुम्ही, भाऊ, बहीण आणि आजी. पाच समान हिस्से, प्रत्येकी 20 टक्के. बारा वर्षांच्या राबण्याला त्यात वेगळा भाव नाही. आजीला सगळे विसरतात. उद्या आजी गेल्या की त्यांच्या 20 टक्क्यांत तुमच्या आत्या वारस म्हणून येतात. मसाल्याच्या कारखान्यात आत्या आणि पुढे आतेभाऊ भागीदार झालेले चालणार असतील तर मृत्युपत्र करू नका. (हे सगळं तुम्ही हिंदू कुटुंब आहात असं धरून. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं, आणि गोव्यात तर अर्ध्या इस्टेटीवर वारसांचा राखीव हक्क असतो. तिथल्यांनी हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये.)

"शेती आजोबांची, म्हणजे वडिलोपार्जित, म्हणजे वडिलांना मृत्युपत्र करता येणार नाही" असं तुमच्या काकांनी सांगितलंय. काका अर्धे बरोबर असू शकतात. आजोबा 1956 नंतर (म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यावर) वारले आणि जमीन वारसाने वडिलांकडे आली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या चंदर सेन निकालाप्रमाणे ती वडिलांची स्वतंत्र मिळकत. मात्र एकत्र कुटुंबाच्या वाटपात ती आली असेल तर गोष्ट वेगळी. मग तुमच्यासारखाच बहिणीचाही जन्मजात हिस्सा त्यात आहे. त्याच कायद्याची 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा विनीता शर्मा निकाल यांनी हा मुद्दा मिटवलाय, वडील तेव्हा जिवंत होते का, बहिणीचं लग्न कधी झालं, हे प्रश्न आता उरलेले नाहीत. तरीही वडील स्वतःच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करू शकतात. नुसता सातबारा बघून हे कळत नाही. तलाठ्याकडून जुने फेरफार काढा, आजोबांचं नाव कमी होऊन वडिलांचं कसं लागलं ते तिथे लिहिलेलं असतं. "वारसाने" की "वाटपाने", त्या एका शब्दावर चार एकरांचं उत्तर आहे.

आता संस्था कोणती करायची. इथे मी ठाम सांगू शकत नाही, कारण तुमचा ताळेबंद मी पाहिलेला नाही. पण विचार कसा करतो ते सांगतो.

तुम्ही आणि वडील दोघांचीच भागीदारी करू नका. सगळ्यात स्वस्त म्हणून कर सल्लागार हेच सुचवतात, आणि करारात एक वाक्यही घालतात की "भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपणार नाही." तीन भागीदार असतील तर ते वाक्य चालतं. दोघांतला एक गेला की उरतो एक, आणि एका माणसाची भागीदारी होत नाही. मग तुम्ही पुन्हा प्रोप्रायटरशिपपाशी, आणि वडिलांचं भांडवल मागायला चार वारस दारात. भागीदारीच करायची तर आईला तिसरी भागीदार घ्या, आणि नोंदणी करा, नाहीतर थकबाकीदार व्यापाऱ्यावर दावा लावायची वेळ आली की भागीदारी कायद्याचं कलम 69 आडवं येतं.

माझा कल तुमच्या बाबतीत एलएलपीकडे (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीकडे) आहे. वडील, आई, तुम्ही. जबाबदारी मर्यादित, कंपनीपेक्षा कागदपत्रं कमी. शिवाय एलएलपी कायद्याच्या कलम 24 मध्ये तुम्हाला हवी तीच गोष्ट आहे: भागीदार गेला तर त्याच्या वारसांना त्याचं भांडवल आणि नफ्याचा हिस्सा मिळतो, कारभारात ढवळाढवळ करायचा हक्क मिळत नाही. पण याला एक काटा आहे. ते पैसे द्यायचे कोठून? वडिलांच्या नावे समजा 90 लाखांचं भांडवल असेल तर ते उचलून द्यायला हळदीच्या हंगामात तुमच्याकडे रोकड असेल? म्हणून एलएलपीच्या करारात मी दोन गोष्टी आकड्यांसह लिहितो: किंमत कशी ठरवायची, आणि ती किती वर्षांच्या हप्त्यांत द्यायची. एका घरात आम्ही पाच वर्षांचे सहामाही हप्ते ठरवले होते. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार करारात हे कलम मला अजून दिसलेलं नाही.

प्रायव्हेट लिमिटेड केव्हा? भाऊ-बहिणीला धंद्यातच कायमचा हिस्सा द्यायचा असेल तेव्हा. शेअर मृत्युपत्राने तुकड्या-तुकड्यांत वाटता येतात, आणि कारभार संचालकांकडे राहतो. करातही एक सवलत आहे. प्रोप्रायटरचा सगळा धंदा, येणी-देणी, यंत्रं, माल, कंपनीकडे गेला, बदल्यात फक्त शेअर मिळाले आणि वडिलांकडे पुढची पाच वर्षं किमान 50 टक्के मतदानाचा हक्क राहिला, तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. अट पूर्ण झाली नाही तर ती सवलत परत जाऊ शकते. अडुसष्टाव्या वर्षी पाच वर्षांचं गणित मांडताना वडिलांच्या तब्येतीचा विचार करा. शिवाय दरवर्षी ऑडिट आणि कंपनी निबंधकाकडचे फॉर्म. एका फॉर्मला उशीर झाला की दिवसाला 100 रुपये. कागदावर जगणारा माणूस घरात नसेल तर कंपनी हे पांढरा हत्ती पाळणं आहे.

दोन्हींत खरी अडचण प्लॉटची. एमआयडीसीचा प्लॉट तुमच्या मालकीचा नाही, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने आहे. नाव बदलायला महामंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, आकार भरावा लागतो, वर मुद्रांक शुल्क. म्हणून बरेच जण प्लॉट वडिलांच्याच नावावर ठेवून फक्त धंदा नव्या संस्थेत नेतात. चांगला मार्ग आहे, पण दुसऱ्याला वापरायला द्यायचीही महामंडळाकडून परवानगी लागते. आणि प्लॉट धंद्याच्या ताळेबंदात दाखवलेला असेल तर "सगळी मालमत्ता कंपनीकडे गेली पाहिजे" ही वरची कराची अट मोडते. सीएला पहिला प्रश्न हाच विचारा: प्लॉट पुस्तकात आहे का?

बक्षीसपत्राबद्दल लोकांच्या डोक्यात "200 रुपयांत होतं" एवढंच बसलंय. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, पती-पत्नीला, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर नोंदणी आणि स्थानिक अधिभार. कारखाना किंवा दुकान त्यात येत नाही, तिथे घरच्या घरीसुद्धा बाजारभावाच्या 3 टक्के. आणि मी कोणत्याही वडिलांना राहतं घर हयातीत देऊन टाकायला सांगत नाही. द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात "आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द आणि दोघांच्या आजन्म राहण्याचा हक्क लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 वापरून बक्षीस रद्द करून घ्यायची वेळ आली तर त्या शब्दांवरच सगळं उभं राहतं. वारसा कर लागेल का, असंही तुम्ही विचारलंय. सध्या नाही. इस्टेट ड्यूटी 1985 साली रद्द झाली.

मृत्युपत्राचं आता थोडक्यात. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. वडिलांची सही आणि किमान दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, पण करा. मुंबईबाहेर केलेल्या, मुंबईबाहेरच्याच मिळकतींच्या मृत्युपत्राला प्रोबेटची (कोर्टाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची) सक्ती महाराष्ट्रात कधीच नव्हती, त्यामुळे तुमच्याकडे नोंदणीचं वजन जास्त. साक्षीदार म्हणून वडिलांच्या सकाळच्या फिरायच्या गटातले दोघे पंचाहत्तरीचे मित्र घेऊ नका. वाद झाला तर एका तरी साक्षीदाराला कोर्टात उभं करावं लागतं, म्हणून वडिलांपेक्षा वीस वर्षांनी लहान बघा. एक साक्षीदार डॉक्टर असला आणि त्याने त्याच दिवशी तब्येतीचा दाखला दिला तर उत्तम. आणि नुसतं "कारखाना थोरल्याला" असं लिहू नका. सीसीचं कर्ज कोणी फेडायचं, येणी कोणाची, ब्रँड कोणाचा, एलएलपी झाली तर तिच्यातलं भांडवल कोणाचं, हे वेगवेगळं लिहायचं. मुदत ठेवींना भाऊ नॉमिनी आहे म्हणून ते पैसे त्याचे होत नाहीत. नॉमिनी हा विश्वस्त, शेअरच्या बाबतीतही तेच, 2023 च्या शक्ती येझदानी निकालाने ते पुन्हा स्पष्ट झालं. आयुर्विम्यात मात्र 2015 पासून आई-वडील, पती-पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच.

भावाबद्दल एकच. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही नाही, वारसाने मात्र येते. त्याला शेती द्यायची असेल तर ती मृत्युपत्रानेच. त्याने तिकडून मुखत्यारपत्र पाठवलं तर भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. पाकीट कोणत्या तारखेला आलं ते जपून ठेवा.

तर क्रम असा ठेवला असता मी: फेरफार आणि ताळेबंद, मग ट्रेडमार्क, मग आईसह एलएलपी, सीसी नव्या नावावर, आणि मग त्या बदललेल्या चित्राचं मृत्युपत्र. उलट्या क्रमाने केलंत तर मृत्युपत्रात ज्या "प्रोप्रायटरी फर्म"चा उल्लेख असेल ती वडील जातील तेव्हा अस्तित्वातच नसेल. मात्र वडिलांची तब्येत नरम असेल तर थांबू नका, याच आठवड्यात दोन पानांचं साधं मृत्युपत्र होऊ द्या. नंतर बदलता येतं, शेवटचंच खरं धरतात.

बहिणीला काय द्यायचं ते वडिलांनी ठरवायचं, पण कारखाना तुम्हाला जात असेल तर घरात किंवा शेतीत तिचा वाटा ठळक असू द्या आणि तो का, हे वडिलांच्याच शब्दांत मृत्युपत्रात येऊ द्या. जमलं तर वडिलांनीच तिला फोन करून सांगावं.

वकिलाकडे जाल तेव्हा जुने फेरफार, प्लॉटचा भाडेपट्टा, तीन वर्षांचे ताळेबंद आणि सीसीचं मंजुरीपत्र एवढं घेऊन जा. वडिलांना आत सोडा आणि तुम्ही बाहेर चहा प्यायला जा. तासभर तरी लागेल. तोवर आत येऊ नका, आणि बाहेर आल्यावर काय ठरलं तेही विचारू नका.